सातव्या कुपीचा पाहुणचार

विज्ञानापुढे सगळे सारखे. यंत्राला कुपी कुठून आली ते कळत नाही, विषाणूला घोडं कुणाचं ते कळत नाही; म्हणून पशुरोग प्रयोगशाळेसारखी न्यायाची जागा पृथ्वीच्या पाठीवर दुसरी नाही. असं प्रयोगशाळेचे प्रमुख गुरामसाहेब दर सोमवारी सकाळच्या बैठकीत सांगत. सांगून झालं की चष्मा कपाळावर सारत आणि विचारत, "बरं, हा नमुना कुणाकडून आलाय?"

सप्टेंबरातल्या त्या सोमवारी नमुना युरोपातून आला होता.

थर्माकोलची पेटी, आत कोरडा बर्फ, बर्फात दहा कुप्या, प्रत्येक करंगळीच्या पेराएवढी, वर एक ते दहा आकडे. सोबत पत्र. काळ्या समुद्राभोवतीच्या आणि भूमध्य समुद्राकाठच्या देशांतल्या पशुरोग प्रयोगशाळांना, डासांमुळे जनावरांत पसरणारे विषाणू, म्हणजे वेस्ट नाईल आणि त्याची भावंडं, ओळखता येतात की नाही, हे तपासायचं आहे. कोणत्या कुपीत काय आहे ते आम्हाला ठाऊक आहे. तुम्हाला काय दिसतं ते कळवा. आणि शेवटी, खाली रेघ मारून: नमुने रोजच्या नमुन्यांसारखेच तपासावेत.

"रोजच्यासारखे?" गुरामसाहेब दुखावल्यासारखे झाले. "घरी पाहुणा आला की त्याला काय कालची उरलेली मक्याची भाकरी वाढायची? लामझिराबाई, चांगल्या फ्रीझरचा वरचा कप्पा मोकळा करा."

लामझिराबाई त्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं होत्या. काळ्या समुद्राकाठच्या सामेग्रेलोच्या त्या ओल्या, दलदलीच्या जिल्ह्यात जनावराला काहीही झालं की त्याचा तुकडा शेवटी त्यांच्या टेबलावर येई. वरच्या कप्प्यात तेव्हा एकच बरणी होती. ती त्यांनी उचलून खालच्या कप्प्यात, डुकरांच्या जुन्या नमुन्यांशेजारी ठेवली. बरणीवर लिहिलं होतं: घोडी, त्सिरा, ओजिखेवी गाव, मेंदूचा तुकडा. येऊन चार दिवस झाले होते.

दुसऱ्या दिवशी मंगळवार, बाजाराचा दिवस. दहाच्या सुमाराला एक म्हातारा दारात उभा राहिला. नमद्याची टोपी हातात, बूट पायपुसण्यावर इतके घासले की दाराशी नोंदी करणाऱ्या नानुलीनं वही मिटून म्हटलं, "आजोबा, पायपुसणं आमचंच आहे, झिजवू नका. कोण पाहिजे?"

"घोडीचा कागद पाहिजे."

"घोडी तुमची?"

"नाही."

"मग?"

"घोडी झुकूची. पण गावाचं बोट माझ्याकडे. बोट ज्याच्याकडे, कागद त्याचा."

म्हाताऱ्याचं नाव ओतिया. त्याची हेझलनटची बाग आणि झुकूचं अंगण यांत एकच कुंपण. झुकूच्या मुलाला चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेतलं ते ओतियानं, म्हणजे नातं सख्ख्यापेक्षा वर. ऑगस्टच्या शेवटी ओतियानं बागेत झाडांवरच्या किडीवर विषारी औषध फवारलं. दोन दिवसांनी झुकूची घोडी कुंपणातून आत शिरली. आणखी तीन दिवसांनी ती मागच्या पायांत अडखळायला लागली, खालचा ओठ लोंबला, भिंतीला डोकं टेकून उभी राहिली आणि मेली. गावात नवीनच आलेल्या तरुण जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं की हे डासाचं दुखणं दिसतंय, वेस्ट नाईल. त्यानं मेंदूचा तुकडा काढून बर्फात घालून इकडे पाठवला. गावानं सांगितलं की डास कुणाला दिसला नाही, पंप सगळ्यांना दिसला.

"तर मग पोरी," ओतिया लामझिराबाईंना म्हणाला, "डास की मी, एवढंच सांग. लांबलचक लिहू नकोस. झुकूला वाचायचा कंटाळा आहे."

"दोन दिवस लागतात, काका," लामझिराबाई म्हणाल्या. नेहमी लागत तेवढे.

"मग पुढच्या मंगळवारी येतो. दोनचे सात धरतो मी. सरकार आहे."

तो गेल्यावर लामझिराबाईंनी किट काढून हिशेब केला. आत पंचवीस चाचण्यांपुरतं रसायन होतं आणि नवीन किट डिसेंबरशिवाय येणार नव्हतं. गुरामसाहेबांचा हुकूम होता की पाहुण्यांची प्रत्येक कुपी दोनदा तपासायची, म्हणजे वीस. यंत्र खरं बोलतंय ना, हे बघायला दर खेपेला एक नक्की रोगाचा आणि एक नक्की बिनरोगाचा नमुना बरोबर लावावाच लागतो, म्हणजे बावीस. उरल्या तीन. घोडीला लागत होत्या बरोबर तीन: एक तिची, दोन साक्षीदार. लामझिराबाईंना बरं वाटलं. तीन चाचण्यांचं रसायन त्यांनी वेगळ्या नळीत काढलं, झाकणावर निळ्या पेनानं 'त्सिरा' लिहिलं. आधी घोडी करून मोकळं व्हावं, असंही त्यांच्या मनात आलं. पण पाहुणे आधी, घरचे मागून. हे सांगायला गुरामसाहेब लागत नव्हते. त्या स्वतःच्याही घरी पाहुणे उठल्याशिवाय कधी जेवल्या नव्हत्या.

मग आठवडा पाहुण्यांच्या तयारीत गेला. टेबलं स्पिरिटनं पुसली. नळ्या नव्या काढल्या. एरवी धुवून वापरायचे ते ट्रे फेकून दिले. यंत्राच्या खोलीत गुरामसाहेब बूट काढून आले, चर्चमध्येही ते बूट काढत नसत.

पुढच्या मंगळवारी ओतिया आला तो काखेत पाच लिटरचा काचेचा बुधला घेऊन. लालसर काळी दारू, मक्याच्या कणसाचं बूच.

"कागद अजून नाही, काका," लामझिराबाई घाईनं म्हणाल्या. "यंत्र दुसऱ्या कामात आहे."

"असू दे. यंत्रालाही संसार असतो. हे घे, हेही तपास."

"ही जनावरांची प्रयोगशाळा आहे हो," नानुली म्हणाली.

"मग जनावराला पाजून बघा. माणसं तर पीत नाहीत."

नानुली हसली. लामझिराबाई हसल्या नाहीत, कारण ओजिखेवीचा ओतिया कोण होता हे त्यांना ठाऊक होतं. चाळीस वर्षं त्या पंचक्रोशीतल्या लग्नाला, बारशाला, मयताला तमादा, म्हणजे पंगतीचा म्होरक्या, तोच. कुणासाठी प्याला उचलायचा, कुणाबद्दल किती बोलायचं, रडवायचं कधी आणि हसवायचं कधी, हे तो ठरवी आणि पंगत ऐके.

"शनिवारी झुकूच्या नातीचं बारसं झालं," ओतिया सांगत होता. "कुंपण मध्ये असल्यामुळे मला सगळं दिसलं. प्याल्याआधीचं बोलायला उभा कोण केला, माहीत आहे? वालिको! त्याला स्वतःच्या बायकोचं नाव आठवायला दोन घोट लागतात. मी हा बुधला कुंपणावर नेऊन ठेवला. तासाभरानं बघितलं तर तिथंच. वरून एक कोंबडी बसली होती." तो टोपी फिरवत राहिला. "तर ह्यात विष नाही एवढं लिहून दे. घोडीचं मागून दे."

लामझिराबाईंनी बुधला घेतला. त्यावर चिठ्ठी चिकटवली: नमुना, पिऊ नये. मग तो भांडी धुण्याच्या बेसिनखाली ठेवला. दारू तपासायची सोय तिथं नव्हती, पण तसं म्हणायचा धीर त्यांना झाला नाही. दोन दिवसांचे सात होतात म्हटल्यावर आणखी काही नाही म्हणायला तोंड राहत नाही.

परीक्षेची खेप गुरुवारी लागली. पडद्यावर रेघा हळूहळू वर चढायला लागल्या. ज्या कुप्यांत विषाणू होता त्यांच्या जोड्या हातात हात घालून उठल्या. ज्यांत नव्हता त्या आडव्या पडून राहिल्या. नऊ जोड्यांचं आपसांत पूर्ण एकमत. सातव्या कुपीची एक रेघ मात्र सपाट आणि तिची जुळी बहीण अगदी शेवटच्या फेऱ्यांत जराशी वर, झोपेतल्या माणसानं भुवई उचलावी इतकीच.

लामझिराबाईंनी अशा भुवया एकोणीस वर्षांत शेकड्यांनी बघितल्या होत्या. त्याचा अर्थ काही नसतो. ही कुपी ओजिखेवीहून आली असती तर त्यांनी 'नाही' लिहिलं असतं आणि जेवायला गेल्या असत्या.

"हे काय?" गुरामसाहेबांनी पडद्याला बोट लावलं.

"काही नाही, साहेब. सात नंबर बिनरोगाचीच आहे."

"नक्की?"

"जवळजवळ."

"जवळजवळ," गुरामसाहेब म्हणाले आणि शब्द चघळत राहिले. "रसायन आहे का थोडं?"

"तिघांपुरतं. पण ते त्सिराचं आहे."

"त्सिरा कोण?"

"घोडी."

"मेली ना ती?"

"हो."

"मग तिला घाई नसणार." नंतर त्यांना स्वतःलाच काहीतरी वाटलं असावं. "मी काही म्हणत नाही हं. अहवालावर सही तुमची. तुम्हाला योग्य वाटेल ते करा." आणि ते चहाला गेले.

ते ओरडले असते, हुकूम सोडला असता, तर पुढं लामझिराबाईंना बरंच सोपं गेलं असतं. पण ते चहाला गेले. खोलीत त्या एकट्या, समोर निळ्या अक्षरांचं झाकण. त्यांना घोडी आठवली, म्हातारा आठवला, कुंपणावरची कोंबडीही आठवली. आणि मग आठवली ती यादी. सोळा देशांतल्या प्रयोगशाळांची, गुणांसह, निकालाबरोबर सगळ्यांना जाणारी. शेजारच्या देशांत त्यांच्याबरोबर शिकलेली माणसं होती. कॉलेजात लामझिराबाई पाच वर्षं दुसऱ्या आल्या होत्या. दहापैकी नऊ, म्हणजे पुन्हा तेच.

त्यांनी झाकण उघडलं. सातवी कुपी तिसऱ्यांदा लावली, दोन साक्षीदारांसह. दोन तासांनी रेघ सपाट आली, त्यांना आधीच ठाऊक होती तशी. निळी अक्षरं त्यांनी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली. रिकाम्या नळीवर नाव कशाला, असं स्वतःला सांगितलं. खरं तर रिकामी नळी कुणी वाचतच नाही.

निकालाबरोबर एक प्रश्नावली भरायची होती. त्यात अकरावा प्रश्न: आपल्याकडे नेहमीचा नमुना आल्यापासून अहवाल जाईपर्यंत किती दिवस लागतात? लामझिराबाईंनी सुंदर अक्षरात लिहिलं, 'दोन'. त्या दिवशी बरणीला चौदा दिवस झाले होते.

"साहेब, घोडीचा तुकडा राजधानीला पाठवू या का?" त्यांनी विचारलं. विचारताना दाराकडे बघितलं, नाही म्हणाले तर लवकर बाहेर पडता यावं म्हणून.

"आत्ता? इकडे युरोपला कळवायचं की आम्ही दहा कुप्या ओळखल्या, आणि त्याच टपालानं राजधानीला कळवायचं की आम्हाला एक घोडी ओळखता येत नाही? बाई, तुम्ही शिकलेल्या आहात."

त्या शिकलेल्या होत्या, म्हणून बरणी होती तिथंच ठेवली.

त्यानंतरच्या मंगळवारी लामझिराबाई दहा वाजता शीतखोलीत गेल्या आणि अकराला बाहेर आल्या, बोटं निळी करून. नानुली म्हणाली, "येऊन गेले. मी सांगितलं, किट यायचंय. म्हणाले, किट लांबून येत असेल तर जेवून येऊ दे, मी थांबतो." त्याच्या पुढच्या मंगळवारी त्या पुन्हा शीतखोलीत गेल्या. तिसऱ्या मंगळवारी नानुलीनं त्यांना न विचारताच लोकरीचे हातमोजे आणून दिले.

ऑक्टोबरच्या अखेरीस निकाल आला. दहापैकी दहा. गुरामसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं, मग डोळे पुसले. प्रमाणपत्र द्यायला आणि कामकाज बघायला युरोपातून एक बाई स्वतः येणार होत्या. लगेच साफसफाई निघाली. नोंदवही उघडली तेव्हा वर्षाच्या शेवटच्या रकान्यात एक आकडा होता. प्रलंबित: एक.

"हे काय ठेवलंय?" गुरामसाहेब म्हणाले. "पाहुणे आल्यावर मोरीत उष्टं भांडं ठेवतं का कुणी? निकाली काढा."

निकाली काढायचे तीन प्रकार होते: रोग आढळला, रोग आढळला नाही, नमुना तपासणीस अयोग्य. त्याखाली 'शेरा' म्हणून चांगली चार ओळींची जागा होती. तिथं 'रसायन संपले' लिहिता आलं असतं. दोन शब्द. लामझिराबाईंनी ती जागा बघितली, पेनाचं टोपण काढलं, आणि तिसऱ्या प्रकारापुढं खूण केली. शेरा कोरा. अयोग्य नमुना चोवीस तासांत जाळायचा असा नियम आहे. तो मात्र त्यांनी काटेकोर पाळला. बरणीतला तुकडा अगदी चांगला होता. काढल्या दिवसासारखा.

मंगळवारी त्या शीतखोलीत गेल्या नाहीत. एवढं तरी करावं, असं त्यांनी ठरवलं होतं.

ओतियानं कागद हात लांब करून धरला. "इथं काय लिहिलंय? चष्मा झुकूच्या बायकोकडे राहिला, ती परत देत नाही."

"नमुना तपासणीस अयोग्य."

"अयोग्य म्हणजे?"

"म्हणजे तपासता आला नाही, काका."

"का? सडला होता?"

ह्या प्रश्नाची तयारी लामझिराबाईंनी केली नव्हती. "हो," त्या म्हणाल्या.

"म्हणजे त्या डॉक्टर पोरानं बर्फ नीट घातला नाही."

"असेल."

"हं." ओतियानं मान हलवली. "नवीन आहे. चांगलं आहे पोरगं. मी काही बोलणार नाही त्याला. आणि तूही बोलू नकोस, नोकरी जाईल त्याची." कागदाची बारीक घडी करून त्यानं टोपीच्या आत सारली. "म्हणजे डास होता असंही नाही, आणि मी नव्हतो असंही नाही."

"तसं नाही लिहिलेलं, काका."

"गावाला लिहिलेलं नाही लागत." तो दारापर्यंत गेला, पायपुसण्यावर सवयीनं बूट घासले, बाहेर जाताना. "बुधल्यात निघालं काही?"

"नाही. चांगली आहे."

"हे कागदावर नाही ना देता येत?"

"नाही देता येत."

"वाटलंच. बुधला राहू दे. रिकामा झाला की ठेव बाजूला, पोरी. काच जुनी आहे."

पाहुण्या बाई नोव्हेंबरात आल्या. नाव बिस्त्रा, मूळच्या बल्गेरियाच्या, रशियन बोलत. त्यामुळे दुभाषी लागला नाही आणि कुणाला काही समजलं नाही असं म्हणायची सोयही राहिली नाही. त्यांनी फ्रीझर बघितले, नोंदवही बघितली. 'प्रलंबित: शून्य' ह्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे फार कमी ठिकाणी दिसतं." गुरामसाहेबांनी लामझिराबाईंकडे असं बघितलं की त्यांना चोरीतल्या जोडीदारासारखं वाटलं.

दुपारी बैठकीच्या लांब टेबलावर पंगत पडली. घोमी, म्हणजे मक्याची घट्ट लापशी, तिच्यात खुपसलेले चीजचे तुकडे, अक्रोडाच्या वाटणातली कोंबडी, लाल मिरचीची चटणी अजिका. गुरामसाहेब स्वतः तमादा झाले. पहिला प्याला देवाला, दुसरा देशाला, तिसरा विज्ञानाला, त्यापुढं सगळे सारखे असतात म्हणून. चौथ्याला दारू संपली.

"नानुली! बेसिनखाली तो बुधला आहे ना?"

"त्याच्यावर 'पिऊ नये' लिहिलंय, साहेब."

"कुणी लिहिलंय?"

"लामझिराबाईंनी."

"त्या नको तेवढ्या काळजी करतात, म्हणून तर दहापैकी दहा." गुरामसाहेबांनी बूच काढून हुंगलं. डोळे मिटले. "अहाहा. विष असलं तरी हरकत नाही, आपण प्रयोगशाळेतच आहोत."

सगळे हसले, प्याले भरले गेले. बिस्त्राबाईंनी घोट घेतला आणि थांबल्या. "ही कुणाकडची?"

"आमच्याकडचीच," गुरामसाहेब म्हणाले. "ओजिखेवीची. तिथले लोक पाहुण्यांसाठी जीव टाकतात. लामझिराबाई, आता तुम्ही बोला! हा प्याला तुमचा."

लामझिराबाई उभ्या राहिल्या. प्याला हातात, दारूचा रंग काळा. बोलायचं सगळं त्यांच्या तोंडाशी आलं होतं: म्हाताऱ्याचं नाव, घोडीचं नाव, निळी अक्षरं. टेबलाभोवती बारा माणसं प्रेमानं बघत होती. ओतिया असता तर त्यानं अशा वेळी दोन वाक्यांत पंगत रडवली असती.

"पाहुण्यांसाठी," लामझिराबाई म्हणाल्या आणि प्याला रिकामा केला. दारू खरोखरच उत्तम होती.

बिस्त्राबाईंनी त्यांना शेजारी बसवून घेतलं. पाठीवर हात ठेवून विचारलं, "कुठली कुपी अवघड गेली का?"

"सात," लामझिराबाई म्हणाल्या. इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून खरं असं हे पहिलंच निघालं. "ती आम्ही तीनदा लावली. तिच्यासाठी होतं नव्हतं ते सगळं वापरलं. त्या कुपीत काय होतं?"

"सात?" बिस्त्राबाईंनी पिशवीतून उत्तरांचा तक्ता काढला, बोट खाली नेलं आणि चीजचा तुकडा तोंडात टाकला.

"पाणी. एक कुपी नेहमी पाण्याची असते."